शहर सोडून बाहेर राहायला जाताना: छत्रपती संभाजीनगरच्या आसपास घर शोधणाऱ्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुलमंडी-औरंगपुऱ्यातलं घर अपुरं पडायला लागतं, सिडकोतलं भाडं दर अकरा महिन्यांनी वाढतं, पोरांना सायकल चालवायला जागा नसते. मग घरात सातारा-देवळाई, कांचनवाडी, वाळूज, सावंगी अशी नावं निघायला लागतात. ओळखीतली कुटुंबं या टप्प्यावर जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते. आपल्याकडे घर निवडताना पाणी पहिलं, रोजची वाट दुसरी आणि किंमत तिसरी बघायची. हा क्रम उलटा लावणाऱ्या कुटुंबांची फार ओढाताण होते, म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

आधी बजेट ठरवायचं की भाग?

भाग. बजेटची वरची मर्यादा तशीही बँक ठरवून देते. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून कामाच्या दिवसाचं वेळापत्रक लिहून काढा: कोण किती वाजता निघतं, कुठे जातं, मुलांना शाळेत कोण सोडतं, क्लासहून कोण आणतं, भाजी-किराणा कोण आणि कधी आणतं. मग तोच दिवस मे महिन्यातल्या दुपारी आणि जुलैतल्या पावसात कसा जाईल याचा विचार करा. बहुतेक घरांत एवढं केल्यावर चार-पाच भागांपैकी दोन आपोआप गळतात. उरलेल्यांत घरं बघा.

पाणी नक्की कुठे चांगलं आहे?

याचं उत्तर भागाच्या नावावरून देता येत नाही, गल्लीगणिक ते बदलतं. तरी मूळ परिस्थिती समजून घ्या.

शहराचं पाणी पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून, साधारण 50 किलोमीटरवरून येतं. जुन्या दोन मुख्य वाहिन्या, एक 700 मिलिमीटरची आणि एक 1400 मिलिमीटरची, शहर वाढत गेलं तशा अपुऱ्या पडल्या. त्यामुळे वर्षानुवर्षं शहरात नळाला काही दिवसांआड पाणी यायची सवय लोकांना लावून घ्यावी लागली. 2019मध्ये 1,680 कोटी रुपयांची नवी योजना मंजूर झाली, पुढे तिचा खर्च 2,740 कोटींवर गेला. तिची मुख्य जलवाहिनी 2500 मिलिमीटर व्यासाची आहे. साइटवरचा माणूस हीच वाहिनी दाखवून "आता पाण्याचं टेन्शन नाही" म्हणतो. पण मुख्य वाहिनी आणि तुमचा नळ यांच्यामध्ये जलकुंभ, अंतर्गत वाहिन्या आणि जोडणीची मंजुरी एवढं सगळं आहे. तुमच्या गल्लीत अंतर्गत वाहिनी टाकली आहे का, तिला प्रत्यक्ष पाणी आलंय का आणि किती दिवसांआड येतं, हे तिथल्या चार घरांत जाऊन विचारा.

वाळूजकडची गोष्ट वेगळी आहे. बजाजनगरसारख्या निवासी भागाला एमआयडीसीचं पाणी आहे आणि तिथल्या लोकांना त्याचा मोठा आधार वाटतो. त्याला लागून असलेल्या गावांत मात्र ग्रामपंचायतीची योजना, बोअर आणि टँकर यांची सांगड घालावी लागते. रस्त्याच्या या बाजूला नळ आणि त्या बाजूला ड्रम, असं चित्र तिथे दिसू शकतं.

घर बघायला जाल तेव्हा हॉल-किचन बघून झाल्यावर खाली या आणि वॉचमनला हौदाचं झाकण उघडायला सांगा. भिंतीवर पांढरे थर किती उंचीवर आहेत ते बघा. नेहमीची पातळी तिथवरच असते. तळाशी गाळ किती आहे, नळाची लाइन आणि टँकरचा पाइप वेगवेगळा आहे का, तेही दिसतं. मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडे एप्रिल-मेमधल्या टँकरच्या पावत्या मागा. चांगली सोसायटी त्या दाखवते. आणि जवळच्या प्लंबरला विचारा की या भागात गिझर आणि नळाच्या तोट्या किती वर्षांत बदलाव्या लागतात. पाणी किती जड आहे ते त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

किती साठवण लागते?

शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण धरतात. चौघांच्या घराला 540 लिटर. पाच दिवसांआड पाणी येत असेल आणि पाइपलाइन फुटली, वीज गेली म्हणून दोन दिवस लांबलं, तर सात दिवसांचे 3,780 लिटर होतात. म्हणजे स्वतंत्र घराला 5,000 लिटरचा हौद हवाच. फ्लॅट असेल तर हौदाची एकूण क्षमता भागिले फ्लॅटची संख्या, हा हिशोब बिल्डरसमोर बसून करा. पाहुणे, लग्नसराई, गौरी-गणपती यांचं पाणी यात धरलेलं नाही.

"400 फूट बोअर आहे, पाणी भरपूर आहे" असं सांगतात. विश्वास ठेवायचा का?

बोअर किती खोल आहे यावर फार काही ठरत नाही. आपल्याखाली बेसॉल्टचा खडक आहे, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो. पाणी असतं ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. भेग लागली तर 150 फुटांवर पाणी मिळतं, नाही लागली तर 500 फुटांवरही धूळच निघते. शेजारी लागलं म्हणून आपल्याला लागेल असंही नाही. शिवाय एका भेगेवर दहा बोअर झाले की सगळ्यांचंच पाणी उतरतं.

बोअर मोजायचा तो मे महिन्यात: मोटार सलग किती वेळ चालते आणि बंद पडल्यावर किती तासांनी पुन्हा पाणी धरते. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये सगळेच बोअर चांगले वाटतात. 2012-13, 2015-16 आणि 2018-19च्या दुष्काळात तो बोअर कसा होता, हे जुन्या रहिवाशाला विचारा. त्यातल्या 2016मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, इतकी ती वर्षं कठीण होती. औद्योगिक वसाहतीच्या आसपास बोअरचं पाणी प्यायचं किंवा स्वयंपाकाला वापरायचं असेल तर प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय नको. हातात धरायचं टीडीएस मीटर फक्त क्षार सांगतं, रसायनं सांगत नाही.

छतावरचं पाणी बोअरमध्ये सोडायची सोय आहे का तेही बघा. 1,000 चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वजा जाता 50 हजार लिटरच्या आसपास पाणी हाती लागतं. ते रस्त्यावर वाहू देणारी इमारत बघून मला खरंच वाईट वाटतं.

महापालिका, ग्रामपंचायत, सिडको, एमआयडीसी... याने रोजच्या जगण्यात काय फरक पडतो?

कर कुणाला भरायचा, कचरा कोण उचलणार, रस्त्यावरचा दिवा गेला तर फोन कुणाला करायचा, सगळं यावर ठरतं. सातारा-देवळाईचं उदाहरण घ्या. आधी दोन ग्रामपंचायती, मग थोड्या काळासाठी स्वतंत्र नगर परिषद, आणि नंतर महापालिकेत समावेश. एवढ्या उलथापालथीत घरं भराभर उभी राहिली, पण ड्रेनेज आणि पाणी मागे राहिलं. आजही तिथे घर बघताना ड्रेनेज लाइनला जोडणी आहे की सेप्टिक टँक, हा प्रश्न विचारावा लागतो.

वाळूजकडे सिडकोचं, म्हणजे शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं, वाळूज महानगर आहे, एमआयडीसीचा निवासी भाग आहे आणि मधे-मधे ग्रामपंचायती आहेत. सिडको आणि एमआयडीसीच्या मिळकती बऱ्याचदा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असतात. एमआयडीसीचा पट्टा साधारणपणे 95 वर्षांचा असतो. त्यात वाईट काही नाही, रस्ते रुंद आणि आखीव मिळतात. फक्त विकत घेताना हस्तांतरणाची परवानगी आणि त्याचं शुल्क कोण भरणार ते लेखी घ्या.

शहराभोवतीच्या 28 गावांसाठी सिडकोने झालर क्षेत्राचा आराखडा केला होता. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची हद्द त्याच्याही पुढे जाते. तुमचा गट नंबर कुणाच्या हद्दीत येतो आणि तो यलो झोनमध्ये (निवासी) आहे की ग्रीन झोनमध्ये (शेती), याचा झोन दाखला मिळतो. एजंट सांगेल त्यावर थांबू नका, दाखला मागा.

कोणती बाजू कुणासाठी बरी?

बीड बायपास, सातारा-देवळाई: मुलं शाळेत, आईवडील सोबत, दोघांच्या नोकऱ्या दोन दिशांना, अशा घरांसाठी माझा पहिला कौल इकडे. शाळा, दवाखाने, दुकानं हाताशी आली आहेत, सातारा डोंगर आणि खंडोबाचं देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अडचण एकच आणि ती मोठी: शहर आणि तुमच्यामध्ये रेल्वेलाइन आहे. संग्रामनगरचा उड्डाणपूल, शिवाजीनगरचा भुयारी मार्ग अशा मोजक्या जागांवरून सगळी गर्दी जाते. सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सहाला त्या वाटेने स्वतः जाऊन बघा. मोठा पाऊस झाल्यावर भुयारी मार्गाची काय अवस्था असते ते तिथल्या रिक्षावाल्यांना विचारा. डोंगराच्या पायथ्याच्या वसाहतींत नाल्याची जागा बुजवलेली नाही ना, हेही बघा.

पैठण रोड, म्हणजे नक्षत्रवाडी, कांचनवाडी, इटखेडा: वाळूजला किंवा बिडकीनकडे काम असेल तर सोयीचं. लिंक रोडने नगर रोडला जाता येतं, स्टेशन जवळ पडतं. हवा मोकळी आहे. या रस्त्यावर जड वाहनं असतात, त्यामुळे मुलांना एकटं सायकलवर पाठवता येईल असं घर आतल्या रस्त्यावर शोधा.

वाळूज, बजाजनगर, तीसगाव: कंपनीत शिफ्टला जाणाऱ्यांसाठी याला तोड नाही. पहिल्या पाळीला निघणाऱ्या माणसाची झोप तासभर वाढते, ही लहान गोष्ट नाही. बजाजनगरात मराठवाडा, खानदेश, विदर्भ सगळीकडची माणसं आहेत, शेजार लवकर जमतो. पण घरातल्या दुसऱ्या माणसाचं काम शहरात असेल तर वाळूजजवळचं पंढरपूर गाव, छावणी आणि नगर नाक्याची कोंडी रोजची होईल.

चिकलठाणा, झाल्टा, शेंद्रा, करमाड: जालना रोडवर काम असणाऱ्यांना ठीक. शेंद्र्याला ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी उभी राहतेय, रस्ते सुंदर आहेत. तरी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या कुटुंबासाठी शेंद्र्याच्या पुढे आजच जावं असं मला वाटत नाही. संध्याकाळी सातनंतर तापाचं औषध आणायला किती लांब जावं लागतं, ते आधी बघून या.

हर्सूल, सावंगी, पिसादेवी: विद्यापीठ, टीव्ही सेंटर, हडको या बाजूला काम असणाऱ्यांना जवळ. अजून गावपण टिकून आहे. प्लॉटिंग मात्र फार झालंय, कागद दोनदा तपासा.

पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद रोड: डोंगर, हिरवळ, देवगिरीचा किल्ला दिसतो. शांतता हवी असेल त्यांनी जरूर बघावं.

मी वाळूजला, मिसेस शेंद्र्याला. राहायचं कुठे?

मधे, म्हणजे बीड बायपासच्या पट्ट्यात. महानुभाव आश्रम चौकातून लिंक रोडने तुम्ही पश्चिमेला, झाल्टा फाट्याकडून त्या पूर्वेला. दोघांनाही शहराच्या पोटातून जावं लागत नाही. पण अंतर मधोमध म्हणजे न्याय झाला असं समजू नका. मुलांना शाळेतून आणणं, आजारपणात घरी थांबणं हे ज्याच्याकडे जास्त येणार, घर त्याच्या कामाच्या थोडं जवळ असू द्या. हे आधी मोकळेपणाने बोलून घ्या. बहुतेक घरांत ते न बोलताच बाईच्या वाट्याला येतं आणि वर तिचा प्रवासही जास्त असतो.

रोजच्या येण्याजाण्याला किती खर्च येतो?

एका बाजूने 20 किलोमीटर धरा. दिवसाचे 40, महिन्याचे 25 दिवस म्हणजे 1,000 किलोमीटर. 50चं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला 20 लिटर पेट्रोल. लिटरला 100 रुपयांच्या वर दर असताना दोन हजारांच्या पुढे. 15चं ॲव्हरेज देणाऱ्या कारला 67 लिटर, म्हणजे सात हजारांच्या आसपास, टायर-सर्व्हिसिंग वेगळं. घरात दोघं कामाला असतील तर हे दोनदा मांडा आणि भाड्यात किंवा हप्त्यात जी बचत होणार आहे तिच्याशी ताडून बघा.

स्मार्ट सिटी बस 2019पासून चालू आहे आणि वाळूज, बिडकीन अशा बाहेरच्या भागांतही जाते. बस चांगल्या आहेत. फक्त शेवटची बस किती वाजता आणि दोन बसमध्ये अंतर किती, हे तुमच्या थांब्यावर उभं राहून बघा. अनेक कंपन्यांच्या बस ठरावीक पॉइंटवरून जातात. घर त्या पॉइंटपासून चालत दहा मिनिटांत असेल तर दुसऱ्या गाडीचा खर्च वाचतो.

रेल्वेने अपडाऊन जमेल का?

मुंबईसारखी लोकल आपल्याकडे नाही, हे धरून चला. मनमाड-काचीगुडा मार्गावर मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड, बदनापूर ही छोटी स्टेशनं आहेत, पण मोजक्याच गाड्या तिथे थांबतात. जालना-संभाजीनगर हे सुमारे 60 किलोमीटरचं अपडाऊन मात्र शिक्षक, बँकेतले लोक, वकील वर्षानुवर्षं पासावर करतायत. तुमच्या ऑफिसची वेळ एखाद्या गाडीला जुळत असेल तरच हा विचार करा.

समृद्धी महामार्गाचा काही उपयोग?

शहराजवळ माळीवाडा, सावंगी आणि शेंद्रा इथे चढ-उतार आहे. पण या महामार्गावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे आणि टोल लागतो. रोजच्या नोकरीसाठी मोटारसायकलवर जाणाऱ्या माणसाला तो उपयोगाचा नाही. महिन्यातून दोनदा गावाकडे किंवा पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्यांना त्याची सोय. "समृद्धीपासून पाच मिनिटं" या वाक्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

शाळा आधी ठरवायची की घर?

मूल पहिली-दुसरीच्या आत असेल तर घर आधी, मग घराजवळची शाळा. लहान मुलाने बसमध्ये रोज दोन तास घालवू नयेत, शाळा कितीही नावाजलेली असो. सहा-सात वर्षांचं पोर दुपारी तीनला बसमध्ये झोपलेलं उतरतं, ते बघवत नाही. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांतून, प्रवेश घ्यायचा असेल तर घर आणि शाळा यांच्यातलं अंतर थेट मोजलं जातं, तेव्हा पत्त्याचा पुरावा वेळेत तयार ठेवा.

मूल सातवी-आठवीत असेल तर शाळा बदलू नका आणि क्लासचा विचार आत्ताच करा. नववी-दहावीपासून गणित-विज्ञानाचे क्लास संध्याकाळी असतात आणि त्यातले बरेचसे शहरात, सिडको-उस्मानपुरा पट्ट्यात. रात्री साडेआठला क्लास सुटल्यावर मुलगी घरी कशी येणार, याचं उत्तर तयार नसेल तर घर दोन वर्षं पुढे ढकललेलं बरं.

आईवडील सोबत आहेत. त्यांचं काय बघायचं?

दवाखाना पंधरा मिनिटांत हवा. घाटी (सरकारी रुग्णालय), जालना रोड आणि बीड बायपासवरची मोठी रुग्णालयं यांपैकी एक तरी. मग लिफ्टला बॅकअप आहे का, सकाळी फिरायला पदपथ आहे का, मंदिर किंवा विहार किंवा मशीद जवळ आहे का, चार समवयस्क कुठे बसतात. गावाकडून आलेल्या माणसाला ओटा लागतो. चौथ्या मजल्यावर दिवसभर टीव्हीसमोर बसलेले आजोबा फार लवकर खंगतात. त्यांना घर दाखवायला न्या आणि त्यांचं मत खरंच ऐका.

बाँडवर स्वस्त प्लॉट मिळतोय. घ्यायचा का?

नाही. शंभर किंवा पाचशेच्या बाँडपेपरवर लिहून दिलं म्हणजे मालकी मिळत नाही. 1908च्या नोंदणी कायद्यानुसार 100 रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावराचं खरेदीखत नोंदवलेलंच हवं. एक-दीड गुंठ्याचे तुकडे पाडून विकण्याच्या आड 1947चा तुकडेबंदी कायदा येत असे; 2025मध्ये तो निवासी भागांपुरता शिथिल झाला. गुंठ्यागुंठ्याने पाडलेल्या अशा विनापरवाना प्लॉटिंगला गुंठेवारी म्हणतात, ती नियमित करण्याचा 2001चा कायदा आहे. 2021मधल्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ मिळाला. पण "होईल नियमित" या भरवशावर आयुष्याची बचत घालू नका. आधीच नियमित झालेलं घर घेत असाल तर त्याचं प्रमाणपत्र आणि भरलेल्या शुल्काची पावती बघा. राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज नाकारलं असेल तर जास्त व्याजाने देणारा शोधण्याआधी तिने का नाकारलं ते विचारा. तिच्या वकिलाला दिसलेली अडचण तुमचीच होणार आहे.

सातबारा क्लिअर आहे म्हणतात. आणखी काय बघायचं?

मराठवाड्यात जमिनीचा इतिहास वेगळा आहे. 1948पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळची मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली) आणि खिदमतमाश (देवस्थान-धर्मस्थळाच्या सेवेसाठी दिलेली) इनामं, कुळाच्या जमिनी, वक्फच्या जमिनी, गायरानं यांच्या नोंदी आजही महत्त्वाच्या ठरतात. म्हणून सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2, हे सगळ्यात आधी बघा. वर्ग 2 असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय व्यवहार अडकतो. इतर हक्काचा रकाना शब्द न् शब्द वाचा. मग मागचे फेरफार, जुनी खासरा पाहणी, एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर लेआउट. लेआउट तात्पुरता आहे की अंतिम, तेही विचारा. अंतिम मंजुरीआधी रस्ते आणि खुली जागा सोडून विकसित करावी लागते. ज्याला बाग म्हणून दाखवलं त्याच जागेवर प्लॉट विकलेला नाही ना, हे नकाशा हातात घेऊन जागेवर उभं राहून बघा.

तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, स्वतःच्या वकिलाकडून घ्या, बिल्डरच्या नको. जुनी कागदपत्रं उर्दूत असतील तर ती वाचणारा वकील शोधा, शहरात असे आहेत. आणि खरेदीआधी मोजणी करून घ्या. भाऊबंदकीतला बांधाचा वाद विकत घेण्याइतका वेळ नोकरदार माणसाकडे नसतो.

महारेरा नंबर असला की निर्धास्त?

बऱ्यापैकी. महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी आणि नियमन करणारं राज्याचं प्राधिकरण. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटचा प्रकल्प नोंदवणं बंधनकारक आहे, प्लॉटिंगलाही हे लागू आहे. नोंदवलेला करार करण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मंजुऱ्या, ताबा देण्याची तारीख आणि प्रकल्पावरचे खटले बघा. पाणी येईल की नाही, ते मात्र तिथे कळणार नाही. त्यासाठी हौदाचं झाकणच.

कचऱ्याचा वास, कंपन्यांचा धूर?

2018मध्ये नारेगावच्या लोकांनी कचरा डेपो बंद पाडला आणि शहराचा कचरा अनेक दिवस रस्त्यावर राहिला. वर्षानुवर्षं त्या वासात राहिलेल्या माणसांचं म्हणणं रास्त होतं. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. या भागांत घर बघताना केंद्र नेमकं कुठे आहे ते नकाशावर शोधा आणि पावसाळ्यात, शक्यतो रात्री, तिथे थोडा वेळ थांबा. औद्योगिक वसाहतीजवळ पहाटे हवा कशी असते तेही बघा. घरात दम्याचं कुणी असेल तर हा मुद्दा पाण्याच्या बरोबरीने धरा.

वीज जाते का?

घर कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीवर) आहे ते महावितरणच्या लाइनमनला विचारा. शहरी फीडर आणि ग्रामीण फीडर यांत बराच फरक पडतो.

थेट विकत घ्यावं की आधी भाड्याने राहावं?

शक्य असेल तर त्याच वसाहतीत अकरा महिन्यांच्या करारावर राहा, आणि ते अकरा महिने उन्हाळा व पावसाळा दोन्ही धरून असू द्या. सामान दोनदा हलवायचा त्रास आहे, पण त्या काळात पाणी, रस्ता, शाळेची बस, शेजार सगळं कळतं. आपल्या आवडीचा घरमालक, भाजीवाला, कामाला येणाऱ्या ताई यांची ओळख झाली की घरं एजंटशिवायही कळायला लागतात.

दिवसभर घरी मी आणि दोन मुलं. तिकडे एकटं पडायला होईल का?

नव्या वसाहतीत पहिली दोन-तीन वर्षं होतं. अर्ध्या घरांना कुलूप, गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट रिकामे. म्हणून रात्री आठ वाजता इमारतीसमोर उभं राहून दिवे किती खिडक्यांत लागले आहेत ते मोजा. निम्म्यापेक्षा कमी असतील तर लहान मुलांच्या घराने थांबावं. संध्याकाळी पाचला खाली पोरं खेळताना दिसली, बायका गप्पा मारत पायऱ्यांवर बसलेल्या दिसल्या, तर बाकीच्या दोन-तीन उणिवा चालवून घ्या.

जालना, नांदेड, लातूरलाही हेच लागू होतं?

कागदांचं सगळं जसंच्या तसं लागू होतं. पाण्याचा स्रोत आणि धोका बदलतो. लातूरला मांजरा धरणावर भिस्त आहे, तेव्हा औसा रोड असो की हरंगुळची बाजू, साठवण मोठी हवी. नांदेडला गोदावरी आणि आसना जवळ असल्यामुळे उलटा प्रश्न येतो: पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते जुन्या भिंतींवर आणि जुन्या माणसांकडे तपासा. पूररेषेच्या आतलं स्वस्त घर घेऊ नका.

राहायला जायचं कधी?

शाळेच्या परीक्षा संपल्यावर, एप्रिलअखेर. मुलांना जूनपर्यंत नवी पोरं ओळखीची होतात आणि तुम्हाला पाण्याचा सगळ्यात कठीण काळ पहिल्याच महिन्यात समजतो, लागलीच जादा टाकी बसवता येते. जायच्या आधी गॅसचं कनेक्शन, रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता आणि मतदार यादीतलं नाव हलवायचे अर्ज करून ठेवा. ग्रामपंचायत हद्दीत जात असाल तर नमुना 8वर (घरपट्टीच्या नोंदवहीत) आणि महापालिका हद्दीत असाल तर मालमत्ता कराला आपलं नाव लागलंय याची खात्री पहिल्याच महिन्यात करून घ्या. जुन्या मालकाची थकबाकी राहिली असेल तर ती तेव्हाच समोर येते, आणि तेव्हा तो फोन उचलत असतो.